देवगिरीचे सूर, देवळालीचे अंक, इचलकरंजीचा प्रश्न

गंगाखेड म्हटलं की गोदावरीचा घाट आठवतो, संत जनाबाई आठवतात, परभणी-परळीची रेल्वे आठवते. कॉम्प्युटर सायन्समधलं संशोधन किंवा प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धा मात्र कुणाच्या डोक्यात येत नाहीत. हा विषय पुण्या-बंगळुरूचा, महागड्या लॅपटॉपचा, फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्यांचा, असं आपण धरूनच चालतो. ते खरं नाही. या विषयाला लागतं ते नेटकं विचार करणारं डोकं, आणि त्यावर कुठल्याही शहराची मालकी नाही. त्याचे हे एकोणीस पुरावे. काही गंमतीचे, काही थक्क करणारे, आणि बरेचसे आपल्याच मातीतले.

१. रात्री आठ वाजून पाच मिनिटं

कोडफोर्सेस हा प्रोग्रॅमिंग स्पर्धांचा जगातला सर्वांत गजबजलेला आखाडा. रशियातल्या सारातोव शहरातल्या माइक मिर्झायानोव यांनी तो उभा केला. तिथल्या बहुतेक फेऱ्या मॉस्कोत संध्याकाळी ५.३५ ला सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे रात्री ८.०५ ला. फी नाही. टोकियोतल्या मुलीला आणि गंगाखेडच्या मुलाला तेच प्रश्न त्याच क्षणी मिळतात. उत्तर मशीन तपासतं, आणि गुण देताना ते कॉलेजचं नाव बघत नाही.

२. बरोबर, तरीही नापास

इथले निकाल दोन-तीन अक्षरांत लागतात. ‘एसी’ म्हणजे उत्तर मान्य. ‘डब्ल्यूए’ म्हणजे चुकलं. सर्वांत चटका लावणारा निकाल ‘टीएलई’: रीत बरोबर असेलही, पण वेळ संपला. म्हणून मुरलेला स्पर्धक प्रश्न वाचतानाच आधी मर्यादा बघतो. वस्तू २० असतील तर त्यांचे सगळे गट तपासून चालतात, कारण ते १०,४८,५७६ एवढेच होतात. वस्तू २ लाख असतील आणि प्रत्येकीची प्रत्येकीशी तुलना करायला गेलात, तर ४,००० कोटी पायऱ्या होतात. तिथे नवी युक्ती शोधावीच लागते.

३. तीन डोकी, एक मशीन

कॉलेजच्या विद्यार्थ्यांची सर्वांत मानाची स्पर्धा म्हणजे आयसीपीसी. तिचं मूळ १९७० साली अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात झालेल्या स्पर्धेत आहे. संघात तिघं, वेळ पाच तास आणि कॉम्प्युटर फक्त एक. त्यामुळे एक जण टाइप करत असताना उरलेले दोघं कागदावर विचार करतात. सुटलेल्या प्रत्येक प्रश्नामागे टेबलावर एक रंगीत फुगा बांधला जातो. चुकीचं उत्तर पाठवलं, तर तो प्रश्न पुढे सुटल्यावर दर चुकीमागे २० मिनिटांचा दंड बसतो. घाईपेक्षा खात्री मोलाची, हे शिकवणारा असा दुसरा खेळ नाही.

४. अकराव्या वर्षी रौप्यपदक

बेलारूसमधल्या गोमेल शहराचा गेनादी कोरोत्केविच २००६ मध्ये शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय इन्फर्मेटिक्स ऑलिम्पियाडला गेला, तेव्हा तो ११ वर्षांचा होता. तिथून तो रौप्यपदक घेऊन आला. पुढे २००७ ते २०१२ अशी सलग सहा वर्षं सुवर्णपदक. ‘टुरिस्ट’ या त्याच्या टोपणनावाला या जगात जो मान आहे, तो क्रिकेटमध्ये सचिनला आहे.

५. आपलाही आखाडा आहे

२००९ मध्ये मुंबईच्या डायरेक्टी कंपनीने कोडशेफ सुरू केलं. भारतातल्या असंख्य विद्यार्थ्यांनी आयुष्यातली पहिली प्रोग्रॅमिंग स्पर्धा तिथेच दिली. घरबसल्या, फुकट, आणि हरल्याची बोच मनात ठेवून पुन्हा देता येईल अशी.

६. नऊ तालुके, ४०,३२० वाटा

परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत: परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा आणि पालम. गंगाखेडहून निघायचं, उरलेल्या आठ ठिकाणी एकेकदाच जायचं आणि परत गंगाखेडला यायचं. सर्वांत कमी अंतराची फेरी कोणती? ही आठ ठिकाणं ४०,३२० क्रमांनी घेता येतात. माणूस दमेल, पण साधा मोबाइलही एवढे क्रम क्षणात तपासून टाकेल.

७. छत्तीस जिल्हे आणि विश्वाचं वय

आता हाच खेळ महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांसाठी मांडा. क्रमांची संख्या १ वर ४० शून्यं एवढी होते. सेकंदाला १०० कोटी क्रम तपासले तरी ३ वर २३ शून्यं इतकी वर्षं लागतील. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं आहे, म्हणजे त्याच्यापुढे चिमूटभर. पण १९६२ मध्ये हेल्ड आणि कार्प यांनी, आणि स्वतंत्रपणे बेलमन यांनी, एक युक्ती मांडली: ‘कोणकोणते जिल्हे झाले आणि आता कुठे आहोत’ एवढंच लक्षात ठेवा, मधला क्रम विसरून जा. त्याच वेगाच्या मशीनला मग एक दिवसही लागत नाही. मोबदला स्मरणशक्तीत द्यावा लागतो: एक लाख कोटींहून अधिक रकाने. रिचर्ड कार्प हे नाव ध्यानात ठेवा, पुढे ते एका मराठी नावाशेजारी येणार आहे.

८. कॅफेत बसून वीस मिनिटांत

गंगाखेडहून पुण्याला जायचा जवळचा रस्ता मोबाइल दाखवतो, त्यामागच्या रीतींची जननी म्हणजे डायक्स्ट्राची रीत. एड्सगर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने ती १९५६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत वाग्दत्त वधूसोबत कॉफी घेताना सुमारे २० मिनिटांत मनातल्या मनात रचली. कागद-पेन्सिल हाताशी नव्हती, म्हणून नको तो गुंता टाळावाच लागला, असं ते पुढे सांगत. १९५९ मध्ये ती छापून आली. आज स्पर्धेत उतरणारा प्रत्येक जण ती पाठ केल्यासारखी लिहितो.

९. देवगिरीच्या दरबारातला कोडर

आता येऊ मराठवाड्यात. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला शार्ङ्गदेव होता. त्याचा ‘संगीतरत्नाकर’ संगीतासाठी प्रसिद्ध आहे, पण त्यात अस्सल संगणकशास्त्रही दडलेलं आहे. सात सूर एकेकदाच घेऊन ५,०४० क्रम होतात. शार्ङ्गदेव दोन प्रश्न विचारतो. यादीतल्या अमुक क्रमांकावर कोणती तान असेल? आणि अमुक तान कितव्या क्रमांकावर येईल? पहिल्याला ‘नष्ट’ म्हणतात, दुसऱ्याला ‘उद्दिष्ट’. पूर्ण यादी न लिहिता दोन्हींचं उत्तर देणारा ‘खंडमेरू’ नावाचा तक्ताही तो देतो. आजच्या स्पर्धांत हाच प्रश्न जसाच्या तसा येतो: १५ अक्षरांच्या सगळ्या क्रमांपैकी अमुकावा क्रम सांगा. एकूण क्रम १ लाख ३० हजार कोटींहून जास्त, त्यामुळे यादी करत बसलात तर ‘टीएलई’ ठरलेली.

१०. एका ओळीमागची साडेसहाशे वर्षं

सी प्लस प्लस या भाषेत एक तयार आज्ञा आहे: दिलेल्या क्रमानंतर लगेच येणारा क्रम काढून दे. ‘नेक्स्ट परम्युटेशन’ असं तिचं नाव. स्पर्धक ती डोळे मिटून वापरतात. तिच्यामागची रीत नारायण पंडिताच्या ‘गणितकौमुदी’त आहे. ग्रंथाचं साल १३५६. संगणकशास्त्राचे भीष्माचार्य डोनाल्ड नुथ यांनी आपल्या ग्रंथमालेत त्याचं श्रेय नारायण पंडितालाच दिलं आहे.

११. एकसष्टची कसोटी

एका पूर्ण संख्येचा वर्ग ६१ पट करून त्यात १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग यावा. शून्याहून मोठी अशी सर्वांत लहान संख्या कोणती? १६५७ मध्ये फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने हा प्रश्न युरोपच्या गणितज्ञांपुढे टाकला. भास्कराचार्यांनी तो बाराव्या शतकातच चक्रवाल पद्धतीने सोडवून ठेवला होता. उत्तर: २२,६१,५३,९८०, आणि येणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा. कोडरसाठी यात आणखी एक मेवा आहे. ही दुसरी संख्या ३२ बिटांच्या साध्या चलात मावते, तिचा वर्ग मात्र मावत नाही. त्यासाठी ६४ बिट लागतात, आणि तिथे तो सुखरूप बसतो. चाळीसगावजवळच्या पाटण्याला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची त्यात नोंद आहे. हा चांगदेव शार्ङ्गदेवाच्याच आश्रयदात्याचा, म्हणजे सिंघणाचा, राजज्योतिषी होता.

१२. गंगाखेडचा पिनकोड आणि कापरेकर

गंगाखेडचा पिनकोड ४३१५१४. त्यातले शेवटचे चार अंक घ्या: १५१४. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा आणि वजा करा. ५४११ वजा ११४५ म्हणजे ४२६६. पुन्हा तेच: ६६४२ वजा २४६६ म्हणजे ४१७६. पुन्हा: ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ च येणार. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे पोहोचते. हा शोध डहाणूत जन्मलेल्या, देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा. ना पदव्युत्तर पदवी, ना विद्यापीठात नोकरी. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला हा मास्तर कळला. आज जगभरचे नवशिके ६१७४ चा प्रोग्रॅम सराव म्हणून लिहितात.

१३. देवळाली संख्या

कापरेकरांचीच आणखी एक देणगी. १५ मध्ये तिचे अंक मिळवा: १५ अधिक १ अधिक ५ म्हणजे २१. म्हणून २१ ला १५ ही ‘जननी’ मिळाली. पण २० ला अशी कुठलीच जननी नाही. अशा स्वयंभू संख्यांना त्यांनी आपल्या गावाचं नाव दिलं. शंभराच्या आत त्या तेरा आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. आता १० लाखांपर्यंतच्या सगळ्या शोधायच्या असतील तर? प्रत्येक संख्येची जननी शोधत बसायचं नाही. उलट प्रत्येक संख्येकडून तिचं अपत्य काढायचं आणि त्यावर खूण करायची. शेवटी बिनखुणेच्या उरतील त्या देवळाली. प्रश्न उलटा फिरवला की काम हलकं होतं. प्रोग्रॅमिंगचा पहिला मोठा धडा हाच.

१४. विद्यार्थ्यांनी मारलेली बाजी

१९५१ मध्ये एमआयटीत प्राध्यापक फॅनो यांनी वर्गाला मुभा दिली: शेवटची परीक्षा द्या, नाहीतर एका प्रश्नावर निबंध लिहा. डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने निबंध घेतला आणि मजकूर कमीत कमी बिटांत बसवण्याची अशी रीत काढली, की जी खुद्द प्राध्यापकांच्या रीतीहून सरस ठरली. तुम्ही मोबाइलवर पाठवता त्या जेपीजी फोटोत हफमनची रीत असते. त्याआधी १९३९ मध्ये बर्कलीत जॉर्ज डांझिग वर्गात उशिरा पोहोचले, फळ्यावरचे दोन प्रश्न गृहपाठ समजून उतरवले आणि काही दिवसांनी सोडवून दिले. ते गृहपाठ नव्हते. संख्याशास्त्रातले तोवर न सुटलेले प्रश्न होते.

१५. करमरकरांची मधली वाट

याच डांझिग यांनी १९४७ मध्ये ‘सिम्प्लेक्स’ रीत दिली. मर्यादित साधनांतून जास्तीत जास्त फायदा कसा काढायचा, हे ती सांगते. विमान कंपन्यांपासून कारखान्यांपर्यंत सगळ्यांनी ती वापरली. १९८४ मध्ये नरेंद्र करमरकर यांनी नवी रीत आणली. सिम्प्लेक्स शेताच्या बांधाबांधाने जाते, करमरकरांची रीत थेट वावरातून आडवी निघते. प्रश्न मोठा झाला तरी तिचा वेळ आवाक्यात राहतो, याची गणिती हमी त्यांनी दिली. सिम्प्लेक्सकडे ती हमी नव्हती. करमरकर आयआयटी मुंबईचे १९७८ चे पदवीधर. पीएच.डी. बर्कलीतून, आणि मार्गदर्शक तेच रिचर्ड कार्प. संख्यांचे जवळजवळ समान बेरजेचे दोन गट पाडणारी ‘करमरकर-कार्प’ रीत या गुरु-शिष्यांच्याच नावाने ओळखली जाते.

१६. इचलकरंजीचा प्रश्न

या यादीतला हा मुकुटमणी. सुभाष खोत इचलकरंजीचे. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये १९९४ आणि १९९५ अशी दोनदा रौप्यपदकं, १९९५ ला आयआयटी प्रवेश परीक्षेत देशात पहिले, मग आयआयटी मुंबई आणि तिथून प्रिन्स्टन. २००२ मध्ये पीएच.डी. करत असतानाच त्यांनी एक अनुमान मांडलं: ‘युनिक गेम्स कंजेक्चर’. वय २३.

समजून घेऊ. प्रत्येक गावाला एक रंग द्यायचा आहे. दोन गावांना जोडणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर एक नियम लिहिला आहे: या टोकाला हा रंग, तर त्या टोकाला तो. सगळे नियम पाळता येत असतील तर काम सोपं. गंगाखेडला एक रंग द्या, सोनपेठचा आपोआप ठरतो, पुढे पाथरीचा, असं होत जातं. जमलं नाही तर गंगाखेडला दुसरा रंग देऊन बघा. पण शंभरातला एखादा नियम पाळता येणं अशक्य असेल आणि तो कोणता ते माहीत नसेल तर? खोत म्हणाले, रंगांची संख्या पुरेशी मोठी असेल तर ९९ टक्के नियम पाळता येतील असा नकाशा आणि जेमतेम १ टक्का पाळता येतील असा नकाशा, यांतला फरक ओळखणंही कुठल्याच झटपट रीतीला जमणार नाही.

एवढ्याशा विधानाचे धागे कुठवर गेले बघा. भांडणाऱ्या माणसांना दोन गटांत असं वाटायचं, की जास्तीत जास्त भांडखोर जोड्या वेगळ्या व्हाव्यात. यासाठी १९९५ मध्ये गोमान्स आणि विल्यमसन यांनी झटपट रीत दिली. सर्वोत्तम उत्तराच्या किमान ८७.८ टक्के गाठण्याची तिची हमी आहे. खोत यांचं अनुमान खरं असेल तर यापेक्षा चांगली हमी देणारी झटपट रीत शोधणं व्यर्थ आहे. २००८ मध्ये प्रसाद राघवेंद्र यांनी दाखवलं की हे अनुमान खरं ठरलं, तर प्रश्नांच्या अख्ख्या एका कुळाला ठाऊक असलेली एकच रीत सर्वोत्तम ठरते. २०१४ मध्ये सोल इथे खोत यांना संगणकशास्त्राच्या गणिती बाजूसाठीचा नेवानलिना पुरस्कार मिळाला. त्याच समारंभात मरियम मिर्झाखानी आणि मंजुल भार्गव यांना फील्ड्स पदक मिळालं. २०१८ मध्ये खोत, मिन्झर आणि साफ्रा यांनी अनुमानाच्या जवळपास अर्ध्या वाटेपर्यंत नेणारी सिद्धता पूर्ण केली. उरलेली अर्धी वाट अजून मोकळी आहे. ती सर करणारं डोकं कुठल्याही तालुक्यात जन्मू शकतं.

१७. स्पर्धेचे तास आणि संशोधनाची वर्षं

स्पर्धेच्या प्रश्नाला उत्तर असतंच. कुणीतरी ते आधी लिहून ठेवलेलं असतं. संशोधनात उत्तर आहे की नाही हेच ठाऊक नसतं. म्हणून उत्तम स्पर्धक आपोआप उत्तम संशोधक होत नाही. पण दोघांची एक सवय सारखी असते. स्पर्धा संपल्यावर न सुटलेले प्रश्न पुन्हा घेऊन बसण्याला स्पर्धक ‘अपसॉल्व्ह’ करणं म्हणतात. रेटिंग वाढतं ते स्पर्धेच्या दोन तासांत नाही, नंतरच्या दोन दिवसांत. संशोधक हेच काम वर्षानुवर्षं करतो.

१८. शिकताना पगार

‘अजून किती शिकणार, कमावणार कधी?’ हा प्रश्न घराघरांत असतो, म्हणून हे आकडे सांगायलाच हवेत. गेट ही प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होऊन एम.टेक.ला प्रवेश घेतला तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. पीएच.डी.साठी जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये. म्हणजे संशोधन हे घरच्यांवरचं ओझं असायलाच हवं असं नाही. मराठवाड्यातच नांदेडला १९८१ पासून श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे. पहिलं पाऊल टाकायला राज्य ओलांडावं लागत नाही.

१९. कॉम्प्युटर नसलेली कॉम्प्युटरची परीक्षा

शेवटची गोष्ट सर्वांत कामाची. भारताचा चार जणांचा संघ आंतरराष्ट्रीय इन्फर्मेटिक्स ऑलिम्पियाडला जातो. त्या निवडीच्या पहिल्या पायरीवर झेडआयओ ही परीक्षा असते, आणि ती कागद-पेन्सिलीची आहे. प्रोग्रॅमिंग यायलाच हवं अशी अट नाही. कोडी सोडवणारं डोकं हवं. आयएआरसीएस ही संगणकशास्त्रज्ञांची संस्था ती घेते आणि बारावीपर्यंतचे विद्यार्थी तिला बसू शकतात. जुन्या प्रश्नपत्रिका इंटरनेटवर फुकट मिळतात.

गंगाखेडमधल्या गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांना म्हणून कळकळीची विनंती आहे. यंदाचे नियम आणि तारखा पाहून घ्या, एखादी जुनी प्रश्नपत्रिका छापून वर्गात वाटा, आणि ज्या मुला-मुलीला ती सोडवताना डबा खायचं भान राहत नाही, त्यांचा अर्ज स्वतः भरून घ्या. पालकांनो, परीक्षेच्या दिवशी त्यांना केंद्रावर पोहोचवायची जबाबदारी तुमची. आणि विद्यार्थ्यांनो, पहिल्या परीक्षेत एकच प्रश्न सुटला तरी थांबू नका. उरलेले घरी नेऊन सोडवा.